कुणाचा विरोध आहे का?

सभा कुठलीही असो, पतसंस्थेची, गणेशोत्सव मंडळाची, शाळेच्या पालकांची नाहीतर सोसायटीची. विषय वाचून झाला की समोरून प्रश्न येतो, "कुणाचा विरोध आहे का?" दोन-तीन सेकंद कुणी काही बोलत नाही. "नाही ना? मग मंजूर." इतिवृत्तात ओळ पडते, सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. खाली सूचक आणि अनुमोदक.

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची इतिवृत्तं बरीच वर्षं मी लिहिते आहे. लिहिणाऱ्याला सभेत फारसं बोलायचं नसतं, त्यामुळे बघायला सवड मिळते. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय होता. नेहमीप्रमाणे याही वेळी गणपूर्ती झाली नव्हती. सभा अर्धा तास तहकूब झाली आणि पार्किंगमधल्या त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू झाली. तीन कोटेशनं आली होती. ती वाचायच्या आधीच अध्यक्ष म्हणाले, "कमिटीने बघितलंय, मधलं बरं वाटतंय. माणूस ओळखीचा आहे." कागद हातोहात फिरू लागले. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे काका, ज्यांच्या बेडरूमच्या छताला दरवर्षी ओल धरते, त्यांनी चष्मा लावून दुसरं पान उलटलं. हमीच्या कलमापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी उजवीकडे पाहिलं, तिथले गृहस्थ मोबाइलमध्ये होते. डावीकडच्या वहिनी अध्यक्षांकडे बघून मान हलवत होत्या. काकांनी कागदाची घडी घातली आणि पुढे दिला. विरोध कुणाचाच नव्हता.

मग लिफ्टपाशी दुसरी सभा भरली. काका म्हणाले, "पाच वर्षांची हमी म्हणतोय, पण गच्चीवर पाणी साचलं तर हमी लागू नाही असं बारीक अक्षरात लिहिलंय. पावसाळ्यात गच्चीवर पाणी साचणार नाही तर काय होणार?" वहिनी म्हणाल्या, "अहो, मला तेच विचारायचं होतं! पण तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, काकांना यातलं कळतं, त्यांना चालतंय तर ठीकच असेल." मोबाइलवाले गृहस्थ कॅल्क्युलेटरवर चौरस फुटाचा दर काढत बसले होते आणि त्यांना तो जास्त वाटत होता. ही तिन्ही माणसं खुर्चीला खुर्ची लावून बसली होती.

ते काम पुढे चांगलं झालं की वाईट, हा माझा मुद्दा नाही. कोटेशन कदाचित योग्यच असेल. मला लागून राहिलं ते वेगळंच. त्या गच्चीबद्दल आमच्या सोसायटीला जे जे ठाऊक होतं, त्यातलं काहीच निर्णयात उतरलं नाही. ते सगळं लिफ्टपाशी उतरलं, ठराव होऊन गेल्यावर.

अशा वेळी आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं की लोकांना कणाच नाही, समोर बोलायची हिंमत नाही, मागून बोलतात. मला हे पटत नाही. काका भित्रे नाहीत. महापालिकेच्या पाणी खात्यात एकटे जाऊन भांडून आलेला माणूस आहे तो. त्या दोन-तीन सेकंदांत त्यांच्या बाबतीत जे घडलं त्याला भीती म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे.

बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवलं. थोड्या वेळाने भिंतीतल्या झरोक्यातून पांढरा धूर आत यायला लागला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी उठून बाहेर सांगितलं. पण शेजारी दोन माणसं बसवून त्यांना धुराकडे एकदा बघून खांदे उडवायला आणि पुन्हा लिहायला सांगितलं होतं, तेव्हा बाहेर जाऊन सांगणारे उरले १० टक्के. बाकीचे डोळे चोळत, खोकत, हाताने धूर बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले. नंतर त्यांना विचारलं तर कुणीही घाबरलो असं म्हणालं नाही. कुणाला ती वाफ वाटली होती, कुणाला एअर कंडिशनरमधली गळती. माणसाला खरं बोलायला लावणारा वायू सोडला असेल, असंही उत्तर आलं. शेजाऱ्यांचे निवांत चेहरे बघून त्यांनी भीती गिळली नव्हती, धोका नाहीच असं ठरवलं होतं. आमच्या वहिनींनी तेच केलं. काकांचा बंद चेहरा त्यांनी मत म्हणून वाचला. काकांनी वहिनींची हलणारी मान मत म्हणून वाचली. दोघांनी एकमेकांकडून चुकीची माहिती घेतली आणि ती देताना दोघांनी तोंडसुद्धा उघडलं नाही.

आता सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाकडे येते. समूहाबद्दल बोलताना त्याचं नाव टाळता येत नाही, आणि त्याच्या कामाबद्दल जे पसरलं आहे त्याने मला राग येतो.

ॲश मूळचा वॉर्सातला, ज्यू घरातला. लहानपणीची एक गोष्ट तो सांगत असे. पासओव्हर या ज्यू सणाच्या रात्री जेवणाच्या टेबलावर आजीने वाइनचा एक जादा पेला भरून ठेवला. हा कुणासाठी, असं मुलाने विचारलं. त्याचा काका म्हणाला, एलिया प्रेषितासाठी, नीट लक्ष ठेव, तो एक घोट घेतो. मुलगा पेल्यावर नजर रोखून बसला, आणि पातळी जराशी उतरली असं त्याला खरोखरच वाटलं. पुढे कुटुंब अमेरिकेला गेलं, मुलगा मानसशास्त्रज्ञ झाला, आणि १९५०च्या दशकात त्याने तो गाजलेला प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कुठली पहिलीएवढी आहे ते मोठ्याने सांगायचं. खोलीत सात-आठ तरुण. त्यांतला एकच खरा, बाकी सगळे ॲशने शिकवून आणलेले, आणि खऱ्याचा नंबर शेवटाकडे. १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत आधीचे सगळे एकमुखाने धडधडीत चुकीचं उत्तर देत. एकट्याने बघितलं तर जिथे शंभरात एकही चूक होत नव्हती, तिथे या १२ फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकीच्या बाजूला गेली. चारांपैकी तिघे निदान एकदा तरी वाकले.

इथवर सगळ्यांना पाठ असतं, आणि इथेच गोष्ट संपवून माणसं म्हणजे मेंढरं असा निकाल दिला जातो. पण उरलेली दोन तृतीयांश उत्तरं? समोर सगळी खोली एका सुरात चुकीचं सांगत असताना ती बरोबर दिली गेली. चौथा हिस्सा तरुण तर एकदाही वाकले नाहीत. ॲशला स्वतःला हा भाग तितकाच मोलाचा वाटत होता. वाकलेल्यांना त्याने नंतर बसवून विचारलं. काहींना आपल्याच डोळ्यांची शंका आली होती. काहींना नीट दिसत होतं, पण वेगळं पडायचं नव्हतं, किंवा आपल्यामुळे प्रयोगाचा विचका नको होता. म्हणजे बाहेरून एकसारखं दिसणारं वागणं आतून अगदी निरनिराळं होतं.

आणि मग त्याने जे फेरफार करून पाहिले ते तर सभा चालवणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावून ठेवावेत असे आहेत. शिकवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं, फक्त एकाला, तर वाकण्याचं प्रमाण एकदम पाच-साडेपाच टक्क्यांवर आलं. त्या एकाने खरं उत्तर न देता बाकीच्यांपेक्षाही चुकीचं, पण वेगळं उत्तर दिलं तरी खऱ्या माणसाच्या चुका खूप कमी झाल्या. सोबतीला बरोबर माणूसच हवा असं नाही. एकमत मोडलेलं दिसलं की पुरतं. मात्र सोबती अर्ध्यातून फिरला आणि बहुमताला जाऊन मिळाला, की चुका पुन्हा जवळजवळ होत्या तिथे पोचत. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायची मुभा दिली, तेव्हाही वाकणं बरंच घटलं. माणूस तोच, डोळे तेच, रेघाही त्याच.

हे वाचल्यावर आमच्या सोसायटीत मी एक करून पाहिलं. लिफ्ट बदलायचा विषय आला तेव्हा वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर अर्धा कोरा कागद दिला आणि वर छापलं, "या विषयावर तुमच्या मनातली एक शंका लिहा. नाव लिहायची गरज नाही." शंका आहे का, असं मुद्दामच विचारलं नाही. शंका असतेच असं धरून चाललो. अध्यक्षांनी, त्यांचं मला मनापासून कौतुक आहे, आपलं मत शेवटी सांगायचं कबूल केलं. बऱ्याच चिठ्ठ्या आल्या. लिफ्ट बंद असेल त्या दिवसांत पाचव्या मजल्यावरच्या डायलिसिसच्या पेशंटचं काय, हा प्रश्न तिघांनी लिहिला होता. कमिटीच्या कुठल्याच बैठकीत तो आला नव्हता, कारण कमिटीतले सगळे खालच्या मजल्यांवरचे. एका चिठ्ठीत वॉचमनबद्दल गलिच्छ मजकूर होता. निनावीपणाची ती किंमत असते, आणि ती चिठ्ठी वाचायची नाही एवढं ठरवलं की भागतं.

सगळ्याच सभा आमच्या लिफ्ट बदलायच्या सभेसारख्या नसतात. २७ जानेवारी १९८६च्या रात्री अमेरिकेत एक सभा फोनवरून चालू होती. एका टोकाला 'नासा'ची माणसं, दुसऱ्या टोकाला युटा राज्यातली मॉर्टन थायोकॉल ही कंपनी, जिने चॅलेंजर यानाचे रॉकेट बूस्टर बनवले होते. उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि फ्लोरिडात रात्री पारा गोठणबिंदूखाली जाणार होता. बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या थंडीत कडक होतात, म्हणून ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका, असं कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगितलं. रॉजर बोझोले त्यांतला एक. त्याने आधीच्या उन्हाळ्यातच लेखी इशारा दिला होता. 'नासा'कडून नाराजी आली. कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, ती अर्ध्या तासावर गेली. बोझोले आणि त्याचा सहकारी आर्नी टॉम्प्सन टेबलाशी उठून गेले, आकृत्या काढल्या, जुन्या कड्यांवरच्या काजळीचे फोटो पुढे ठेवले. समोरचे काही बोलेनात, तेव्हा दोघे जागेवर येऊन बसले. वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. चार मॅनेजरांनी मत दिलं, उड्डाण करावं. इंजिनिअरांना मत विचारलं गेलं नाही. फोन पुन्हा जोडला गेला, निर्णय वाचून दाखवला, आणि पलीकडून विचारण्यात आलं की यावर कुणाचं वेगळं मत आहे का, आणखी काही म्हणायचं आहे का. दोन्ही टोकांना कुणीही बोललं नाही. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही जण गेले.

मी ही हकिगत कितीतरी वेळा वाचली आहे, आणि दरवेळी त्या शेवटच्या प्रश्नापाशी अडकते. विचारणाऱ्याने नियमाप्रमाणे विचारलं. पण कधी विचारलं? वरिष्ठांचा निर्णय जाहीर झाल्यावर, कागद तयार झाल्यावर. अर्धा तास जीव तोडून बोललेल्या माणसाला त्या क्षणी तोंड उघडायचं तर आपल्याच कंपनीला, आपल्याच साहेबाला गिऱ्हाइकासमोर खोटं पाडावं लागलं असतं. बोझोलेकडे हिंमत नव्हती असं कोण म्हणेल? त्या रात्री त्याच्याइतकं कुणीच बोललं नव्हतं. प्रश्न अशा जागी ठेवला होता की त्याचं उत्तर गप्प बसणं हेच असावं.

म्हणून मला माणसांना धीट करण्यापेक्षा प्रश्नाची जागा आणि पद्धत बदलण्यात जास्त अर्थ वाटतो. हे शहाणपण जुनंच आहे. प्राचीन ज्यू न्यायसभांत देहदंडाच्या खटल्यात मत द्यायला कडेला बसलेल्या कनिष्ठांपासून सुरुवात करत, वडीलधाऱ्यांचं आधी ऐकलं तर धाकटे वेगळं बोलणार नाहीत म्हणून. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांचा पेच १९६२ मध्ये उभा राहिला तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेलेच नाहीत, सहकाऱ्यांनी मोकळेपणी बोलावं म्हणून. आपल्याकडे मात्र अध्यक्षीय मनोगत कधीकधी सुरुवातीलाच असतं.

आपल्याच राज्यात याचं एक उदाहरण इतकं नेमकं आहे की त्याची कुणी या अंगाने चर्चा करत नाही याचं मला नवल वाटतं. आडवी बाटली. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी निवेदनावर सह्या करायच्या, त्या पडताळल्या जातात, मग मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त शिक्के आडव्या बाटलीवर पडले तर दुकान बंद. लक्षात घ्या, झालेल्या मतांपैकी निम्मे नव्हेत, एकूण मतदारांपैकी. घरी बसलेली बाई इथे दुकानाच्या बाजूने मोजली जाते, इतका अवघड नियम. तरीही कितीतरी गावांनी बाटली आडवी केली. जी बाई ग्रामसभेत दुकानदाराच्या, सरपंचाच्या आणि स्वतःच्या नवऱ्याच्या देखत हात वर करू शकली नसती, तिने पडद्याआड शिक्का मारला. अवघड राहते ती आधीची पायरी, सह्यांची. ती उघड्यावर असते. दडपण येतं ते तिथे, सह्या मागे घ्यायला लावलं जातं ते तिथेच. ग्रामसभेच्या आधी वेगळी महिला ग्रामसभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे तीही याचसाठी, पण ती किती ठिकाणी मनापासून होते आणि किती ठिकाणी घरोघरी रजिस्टर फिरवून सह्यांवर उरकली जाते, ते गावात राहणाऱ्यांना माहीत आहे.

गुप्त मतदान हा एक रस्ता झाला. त्याच्या अगदी उलट्या टोकाला गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आहे. धानोरा तालुक्यातलं, शंभरेक गोंड घरांचं गाव. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क २००९ मध्ये पदरात पाडून घेणारं देशातलं अगदी पहिल्यांपैकी एक. सुमारे १,८०० हेक्टर जंगल त्यांच्या ताब्यात आलं, आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यायला २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच. त्या घोषणेइतकीच मला महत्त्वाची वाटते ती त्यांची बसायची रीत. मेंढ्यात बहुमताने ठराव होत नाही. ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने ठरवते, आणि एखाद्याचं अडलं असेल तर विषय पुढच्या सभेला जातो. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी त्याला अभ्यासगटाची जोड दिली. अभ्यासगटात बसायचं, माहिती घ्यायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, वाद घालायचा, पण ठरवायचं काहीच नाही. ठरवायचं ते ग्रामसभेत.

ही विभागणी फार मोलाची आहे. जिथे ठराव होणार नाही तिथे शंका काढली तर कुणाचा ठराव पडत नाही, कुणाची मान खाली जात नाही. शंका ही नुसती शंका राहते. मत बदललं तरी हरल्यासारखं होत नाही. आमच्या लिफ्टपाशी माणसं मोकळी बोलतात तीही याचमुळे. फरक एवढाच की मेंढ्यात लिफ्टपाशीची सभा आधी होते आणि नीट मांडून होते.

एकमताच्या हट्टात धोकाही आहे. एकट्यावर सगळ्यांच्या नजरा रोखल्या जातात, "तुझ्या एकट्यामुळे अडलंय" असं ऐकून माणूस थकतो आणि हो म्हणतो. मेंढ्याला तो धोका टाळता येतो, कारण तिथे वेळ देतात, आणि सभा संपल्यावर त्याच माणसाबरोबर उद्या जंगलात जायचं असतं. शहरात आमच्या निम्म्या सभासदांचे फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत आणि मालक पुण्यात नाहीतर दुबईत. सहमतीसाठी महिनोन्महिने थांबणं आम्हाला झेपणार नाही, आणि झेपेल असा आव मी आणणार नाही.

पण आमच्या इमारतीला चाळीस वर्षं होत आलीत आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत. राज्य सरकारच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांनी तो निर्णय होऊ शकतो, आणि त्या सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. चित्रीकरण हवंच, त्याने लबाडीला आळा बसतो. पण कॅमेरा तोंडावर असताना, बिल्डरची माणसं दारात उभी असताना पहिली शंका काढणं फार जड जातं. म्हणून मी कमिटीला लेखी दिलं आहे की त्या सभेच्या आधी निदान दोन बैठका अशा घ्या की ज्यांत ठराव नाही, मतदान नाही, कॅमेरा नाही. प्रत्येक मजल्याने आपल्यापैकी एकाला प्रस्तावातल्या फक्त उणिवा शोधायचं काम द्यायचं, म्हणजे उणिवा काढणारा वाकड्यात शिरलाय असं कुणी म्हणणार नाही. कमिटीतल्या दोघांना ही दिरंगाई वाटते. जाता पावसाळा स्लॅबचा आणखी एक तुकडा पाडून जातो, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून तारखा मीच सुचवल्या आहेत, दोन्ही दिवाळीच्या आधीच्या. पहिल्या बैठकीला भाडं आणि कॉर्पस फंड, दुसरीला करारातली मुदत आणि बँक गॅरंटी. वरच्या मजल्याचं काम काकांनी घेतलं आहे.